टॅलीत नफा, खात्यात खडखडाट: पैसा कुठे अडकला ते कसं शोधायचं

लहान कारखान्यांचे हिशेब बघताना हा एकच बिघाड मला सारखा भेटतो. मालक वेगळा, माल वेगळा, प्रश्न मात्र तोच: "सीए म्हणतात यंदा चांगला नफा झाला. मग पैसे आहेत कुठे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर बहुतेक वेळा आपल्याच कागदांत असतं, फक्त बघायचा क्रम चुकतो. लोक थेट बँकेत जाऊन लिमिट वाढवून मागतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे.

लक्षणं

- ताळेबंदात नफा, पण पगाराच्या तारखेला चालू खात्यात शुकशुकाट.
- सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवं तसं वापरायचं कर्ज) कायम मर्यादेला टेकलेली. पार्टीचा चेक जमा झाला की दोन दिवसांत पुन्हा तिथेच.
- विक्री वाढली तशी ओढाताणही वाढली. हे लक्षण लोकांना सगळ्यात उलटं वाटतं, पण दिसतं मात्र सर्रास.
- जीएसटीची २० तारीख जवळ आली की कोणाकडून तरी हातउसने.
- पूर्वी महिन्याच्या उधारीवर माल देणारा आता "आधीचं क्लिअर करा" म्हणतो.
- १५ मार्चला ॲडव्हान्स टॅक्स भरायला कर्ज काढावं लागतं.

यातली दोन-तीन लक्षणं जुळली तर पुढे वाचा. नफाही नाही आणि पैसाही नाही, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे प्रश्न दराचा किंवा खर्चाचा आहे. त्याबद्दल शेवटी थोडं आहे.

हे होतं कशामुळे

नफा-तोटा पत्रक बिल फाडलं त्या दिवशी विक्री धरतं. पैसे आले की नाही, हे ते विचारत नाही. मशीन घेतलं तर किंमत खर्चात येत नाही, फक्त घसारा, म्हणजे वर्षभराच्या झिजेची रक्कम, येतो. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज येतं, मुद्दल येत नाही. मालकाने घरी नेलेले पैसे तर कुठेच दिसत नाहीत. नफा आणि बँक शिल्लक यांच्यातली ही दरी दाखवणारा एकच कागद आहे: रोकड प्रवाह पत्रक, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंट.

गंमत अशी की २०१३ च्या कंपनी कायद्याने हे पत्रक कंपन्यांना सक्तीचं केलं, पण लहान कंपनी आणि एकल व्यक्ती कंपनीला सूट दिली. प्रोप्रायटरी आणि भागीदारी तर त्या कायद्यात येतच नाहीत. म्हणजे ज्यांना दर महिन्याला पगाराची चिंता, त्यांच्याच फाइलमध्ये हे पत्रक नसतं. कायदा मागत नाही म्हणून सीए करत नाहीत, आणि असतं हे माहीत नाही म्हणून मालक मागत नाही. मागा.

तपासणी १: गल्ला मोजा, बँक जुळवा (खर्च शून्य, वेळ तासभर)

टॅलीत, म्हणजे तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'कॅश इन हँड' किती दिसते ते बघा आणि ड्रॉवरमधली रोकड प्रत्यक्ष मोजा. पुस्तकात चार लाख आणि ड्रॉवरमध्ये सहा हजार, असं चित्र सहज सापडतं. मधले पैसे चोरीलाच गेलेले असतात असं नाही. टेम्पोवाला, वेल्डर, घरचं लग्न असे खर्च होत गेले आणि व्हाउचर झालं नाही, एवढंच.

मग बँकेचं स्टेटमेंट आणि पुस्तकातलं बँक खातं ओळीला ओळ जुळवा. दिलेले पण न वटलेले चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, नोंद न झालेले हप्ते आणि कशाच्या ते न कळल्याने 'सस्पेन्स' खात्यात टाकून दिलेल्या रकमा यांची वेगळी यादी करा. स्टेटमेंट बँकेच्या साइटवरून स्वतः उतरवून घ्या, अकाउंटंटने एक्सेलमध्ये पाठवलेलं नको. ही खबरदारी फक्त लहानांसाठी नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. शेवटची शिलकीची ओळ खोटी असेल तर तिच्यावर मांडलेलं पत्रकही खोटंच येणार. म्हणून ही तपासणी पहिली. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासणी २: घरखर्च वेगळा काढा

चालू खात्याचा बारा महिन्यांचा उतारा घ्या आणि हायलायटरने रंगवा: किराणा, शाळेची फी, घराचा हप्ता, विमा, पाहुण्यांना केलेले यूपीआय. बेरीज करा. प्रोप्रायटरचा आयकरही यातच येतो, तो धंद्याचा खर्च नाही. बेरीज ऐकून घरात थोडी शांतता पसरते, पण त्याला इलाज नाही.

ही रक्कम म्हणजे मालकाची उचल. ती महत्त्वाची, कारण ती नफ्यातून वजा होऊन दिसत नाही. ती थेट भांडवल खात्यातून जाते. नफा अठरा लाख आणि उचल वीस लाख असेल तर आजार सापडला. यावर उपाय कंटाळवाणा आहे: महिन्याला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळवायची आणि धंद्याच्या खात्याचा यूपीआय फोनवरून काढून टाकायचा.

तपासणी ३: हप्ता फोडून बघा

बँकेकडून कर्जफेडीचं वेळापत्रक मागवा. वर्षभरात मुद्दल किती गेलं ते काढा आणि घसाऱ्याशेजारी लिहा. मुद्दल घसाऱ्यापेक्षा बरंच जास्त असेल तर मशीन जितकं झिजतंय त्याहून वेगाने तुम्ही त्याचे पैसे फेडताय, आणि तो फरक नफ्यातूनच जाणार. पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या, पंधरा वर्षं चालणाऱ्या मशीनमध्ये हे होणारच. त्यात चूक काही नाही, फक्त आधी माहीत हवं.

तपासणी ४: पत्रक एका पानावर मांडा

इथवर पुस्तकं खरी झाली. आता दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. टॅलीत ऑल्ट-जी दाबून कॅश फ्लो टाइप केलं की एक रिपोर्ट येतो, पण तो खात्यांच्या गटानुसार आलेला-गेलेला पैसा दाखवतो. आपल्याला हवी ती तीन भागांची मांडणी हाताने करावी लागते. अवघड नाही.

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) जॉब करणारं एक वर्कशॉप धरू. आकडे समजायला सोपे घेतलेत, पण प्रमाण नेहमीचं आहे. वर्षाची विक्री २४० लाख, नफा १८ लाख.

पहिला भाग, रोजच्या धंद्याचा:
नफा १८
घसारा परत मिळवला +९ (पैसे गेलेच नव्हते)
उधारी (ग्राहकांकडून येणं) ४२ वरून ७१ झाली, म्हणून −२९
माल २२ वरून ३३ झाला, म्हणून −११
देणी (पुरवठादारांची) २६ वरून ३४ झाली, म्हणून +८
एकूण: उणे ५ लाख

दुसरा भाग, गुंतवणुकीचा:
नवीन मशीन −३२

तिसरा भाग, भांडवल आणि कर्जाचा:
मशीनचं कर्ज मिळालं +२४
कर्जाचं मुद्दल फेडलं −७
उचल −१२
सीसी ९ वरून ३९ झाली, म्हणून +३०
एकूण: अधिक ३५ लाख

तिन्ही मिळून उणे २. बँकेत सुरुवातीला ३ लाख होते, शेवटी १ उरला. जुळलं. जुळत नसेल तर तपासणी १ कडे परत जा.

आता हे पान वाचा. १८ लाख नफा कमावणाऱ्या धंद्याने वर्षभरात रोजच्या व्यवहारातून एक रुपयाही आणला नाही, उलट पाच लाख खाल्ले. घरखर्च, हप्ते आणि मशीनमधला मालकाचा आठ लाखांचा वाटा, सगळं सीसीने उचललं. सीसीची मर्यादा ४० असेल तर पुढच्या वर्षी हा खेळ चालणार नाही. मालक म्हणतो "मंदी आहे". मंदी नाही, विक्री तर वाढली आहे. ती उधारीवर वाढली आहे.

पुढच्या सगळ्या तपासण्या क्रमाने करायची गरज नाही. पत्रकातला सगळ्यात मोठा उणे आकडा जिथे असेल तिथे आधी जा. बहुतेक ठिकाणी तो उधारीचा असतो, म्हणून तिथे जरा थांबू.

तपासणी ५: उधारीचं वय

आधी एक हिशेब. येणं भागिले विक्री गुणिले ३६५ केलं की सरासरी किती दिवसांनी पैसे येतात ते कळतं. पण येण्यात जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो. विक्रीवर १८ टक्के चढवून मग भागा, नाहीतर दिवस उगाच फुगतात. वरच्या वर्कशॉपमध्ये २४० चे २८३ होतात. ७१ भागिले २८३, म्हणजे साधारण ९२ दिवस. आदल्या वर्षी विक्री २१० असेल तर त्याच हिशेबाने ६२. ग्राहकांनी गुपचूप एक महिना वाढवून घेतला आणि कोणी हूं का चूं केलं नाही.

मग वयानुसार यादी काढा: ३० दिवसांखालचं, ३० ते ६०, ६० ते ९०, त्यापुढचं. टॅलीत पार्टीवार बिलाची नोंद चालू नसेल, नुसतेच 'ऑन अकाउंट' पैसे जमा होत असतील, तर ही यादी निरुपयोगी निघते. ते आधी दुरुस्त करून घ्या.

९० दिवसांवरच्या प्रत्येक बिलाला एकच प्रश्न विचारा: हे बिल नेमकं कोणाच्या टेबलावर आहे? परचेसवाल्याला फोन करून "बघतो" ऐकण्यात अर्थ नाही, पैसे त्याच्या हातात नसतात. स्टोअर्सला विचारा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालाय का. अकाउंट्सला विचारा बिल पोचलंय का. नेहमीची कारणं अगदी क्षुल्लक असतात: डिलिव्हरी चलनावर जुन्या पीओचा (खरेदी ऑर्डरचा) क्रमांक, पीओतला दर आणि बिलातला दर वेगळा, एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) चुकलेला. एक नमुना सांगतो. ६८० रुपयांचे ५०० बुश गेले, बिल ३ लाख ४० हजार आणि वर जीएसटी. त्यातले १२ नग क्वालिटीने नाकारले. पार्टीच्या सिस्टिममध्ये मोजणी जुळेना म्हणून अख्खं बिल 'होल्ड'. पुरवठादार म्हणतो नग चांगले आहेत, परत बघा. क्वालिटीवाला रजेवर. तीन महिने गेले. १२ नगांची ८,१६० रुपयांची क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) काढली असती तर बिल त्याच आठवड्यात पुढे सरकलं असतं. वाद जिंकायचाच असेल तर पैसे आल्यावर जिंका.

कायद्याचं पाठबळ आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली ती तरतूद, जिला सगळे ४३बी(एच) म्हणून ओळखतात: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये थकलेली बिलं अचानक निघू लागतात. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि तिचा क्रमांक बिलावर छापा. तो नसेल तर पार्टीच्या अकाउंट्सला तुम्ही कोण हे कळतच नाही. तुम्ही निव्वळ खरेदी-विक्री करणारे व्यापारी असाल तर मात्र हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही, त्यावर विसंबू नका.

थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. पण निम्मं काम देणाऱ्या पार्टीवर कोणी तक्रार करत नाही, हे मलाही कळतं. तिथे ट्रेड्स (TReDS, बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) बघा. पार्टीने बिल मान्य केलं की बँका बोली लावून ते विकत घेतात, पैसे लवकर मिळतात, आणि पुढे पार्टीने बुडवलं तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलेली आहे. व्याज जातं, पण ते बहुधा पार्टीची पत बघून ठरतं, तुमची नाही.

जुन्या उधारीचा दुसरा फटका सीसीला बसतो. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणं बघून सीसीतून प्रत्यक्ष किती काढता येईल ती रक्कम, ठरवताना बँका सहसा ९० दिवसांवरचं येणं धरत नाहीत. म्हणजे पार्टी पैसे देत नाही, आणि तिने दिले नाहीत म्हणून बँकही देत नाही.

नवीन मोठा ग्राहक घ्यायच्या आधी त्याचंही रोकड प्रवाह पत्रक बघा. कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवालात फुकट मिळतं. सलग दोन-तीन वर्षं नफा भरघोस आणि 'ऑपरेटिंग'ची ओळ (वरच्या पत्रकातला पहिला भाग) उणे दिसली, तर तिची ओढाताण पुरवठादारांच्या जिवावर चालली असण्याची दाट शक्यता आहे. त्या रांगेत तुम्हीही उभे राहणार.

तपासणी ६: माल मोजा

रविवारी मशीन बंद ठेवून मोजा, आणि स्टोअरवाल्याबरोबर दुसऱ्या खात्यातला माणूस असू द्या. अखेरचा माल जितका जास्त दाखवला तितका नफा जास्त दिसतो, कागदावर. बँकेला ड्रॉइंग पॉवर दाखवायला मार्चअखेर स्टॉक थोडा 'चढवलेला' असेल तर तो नफाही चढवलेलाच आहे आणि त्यावर कर मात्र खरा भरावा लागतो.

मोजताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पार्टीने जॉबसाठी दिलेलं मटेरियल (ते तुमचं नाहीच, तरी स्टॉकमध्ये धरलेलं सापडतं), प्लेटिंगला बाहेर गेलेला माल, आणि दोन वर्षं न हललेला माल. तिसरा भंगाराच्या दराने धरा आणि विकून टाका.

तपासणी ७: कराच्या तारखा

जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो, वसुलीवर नाही. दरमहा रिटर्न भरत असाल तर ३० जूनच्या बिलाचा कर २० जुलैला आणि १ जुलैच्या बिलाचा २० ऑगस्टला जातो. माल खरोखर १ तारखेला निघणार असेल तर महिन्याची विक्री फुगवायला ३० ला बिल फाडू नका. माल आधीच गेला असेल तर बिलही त्याच दिवशीचं हवं, तिथे चालढकल नाही.

दर महिन्याच्या १४ तारखेनंतर जीएसटी पोर्टलवर २बी (तुमच्या खरेदीवरच्या क्रेडिटची, म्हणजे वजावट मिळणाऱ्या कराची यादी) उघडा. ज्या पुरवठादाराने आपलं रिटर्न भरलं नाही त्याचं क्रेडिट तिथे दिसणार नाही, म्हणजे तो कर तुम्ही दोनदा भरताय. त्याचं पेमेंट करण्याआधी हे बघायची सवय लावा. आयकर खात्याच्या २६एएस पत्रकात पार्टीने कापलेला टीडीएस (पैसे देताना आधीच कापलेला आयकर) चढलाय का तेही बघा.

तपासणी ८: मशीन कुठल्या पैशातून आलं

वरच्या पत्रकात दुसरा आणि तिसरा भाग एकत्र वाचा. शेड, मशीन किंवा प्लॉट सीसीतून घेतला गेला असेल तर खेळतं भांडवल भिंतीत चिणलं गेलंय. ते उधारी वसूल करूनही पुरतं सुटत नाही. उपाय एकच: तेवढ्या रकमेचं मुदतकर्ज करून सीसी मोकळी करणं. हे एकट्याने करायचं काम नाही.

तपासणी ९: दर

पत्रकाच्या पहिल्या भागात उधारी, माल, देणी यांच्या आधीची बेरीज, म्हणजे नफा अधिक घसारा, हप्त्याचं मुद्दल आणि माफक घरखर्चालाही पुरत नसेल तर वसुली कितीही सुधारली तरी उपयोग नाही. दर चुकलाय. मशीन-तासाचा खरा खर्च कॉस्ट अकाउंटंटकडून काढून घ्या.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

कर्जाचा हप्ता थकला असेल तर ९० दिवस होण्याची वाट बघू नका, त्यानंतर खातं एनपीए (बुडीत वर्गातलं कर्ज) होतं. तीस-चाळीस दिवसांतच सीएंना घेऊन, वरचं पान हातात धरून बँकेत जा. मॅनेजरकडे तोवर पर्याय असतात, नंतर त्याचे हात बांधले जातात.

कामगारांचा पीएफ कापला आणि भरला नाही, टीडीएस कापला आणि भरला नाही, जीएसटीची रिटर्न्स राहिली: यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बंद. तो पैसा तुमचा नव्हताच.

बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि ताळेबंद यांत मोठी तफावत असेल तर स्वतः 'जुळवायला' जाऊ नका. आधी सीए.

पार्टीचा चेक न वटता परत आला असेल तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. वकिलाला त्याच आठवड्यात गाठा.

पगार किंवा जीएसटी भरायला खाजगी सावकार किंवा फोनवरच्या ॲपचं कर्ज घ्यायची वेळ आली असेल, किंवा तपासणी १ मध्ये रोकड कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नसेल, तरीही थांबा.

जाताना दोन वर्षांचे ताळेबंद, बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, कर्जांची वेळापत्रकं, वयानुसार उधारीची यादी आणि हाताने मांडलेलं ते पान घेऊन जा. नीट जुळलं नसलं तरी न्या, कुठे जुळत नाही हेच त्यांना आधी बघायचं असतं. फी कामाआधी विचारा, आणि दर तिमाहीला रोकड प्रवाह पत्रक करून द्याल का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.